नकली कुंचला

दाढीच्या कुंचल्यास बॅजर या वन्य प्राण्याचे केस सर्वोत्तम. ते पाणी धरतात आणि साबणाचा फेस दाट करतात. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि या केसांचा व्यापार खुंटला. मग पूर्वेकडून आलेल्या घोड्याच्या केसांना रंग देऊन बॅजरचे रूप देण्यात येऊ लागले. नीट निर्जंतुक न केलेल्या अशा केसांतून अँथ्रॅक्सचे, म्हणजे संसर्गजन्य काळपुळीचे, जंतू वस्तऱ्याच्या बारीक जखमेत शिरले. विषारी वायूपासून रक्षण करणारा मुखवटा घट्ट बसावा, म्हणून सैनिकाला गुळगुळीत दाढी करणे भागच होते. ब्रिटन-अमेरिकेत सैनिकांबरोबर नागरिकही दगावले. १९२० साली ब्रिटनने जपानी कुंचल्यांची आयात बंद केली. रणांगणावर वाचण्यासाठी केलेली दाढीच कित्येकांचा काळ ठरली होती.