तळटीप १४ : गिंडीचा इंजिनिअर
१४. ‘गिंडीचा इंजिनिअर’ म्हणजे एस. वेंकटराघवन (जन्म १९४५). मद्रासच्या गिंडी येथील इंजिनिअरिंग कॉलेजचा हा विद्यार्थी १९६५ साली भारताकडून खेळू लागला आणि त्याच वर्षी न्यूझीलंडविरुद्धच्या दिल्ली कसोटीत त्याने १२ बळी घेतले. फलंदाज त्याला ‘हातातूनच वाचत’, असे लेखक म्हणतात. ते अर्धेच खरे. उंच वेंकटच्या ऑफस्पिनमध्ये बोटांपेक्षा उसळी जास्त नडायची, आणि उसळी हातात दिसत नाही.

हातातूनच चेंडू ओळखण्याची लेखकांनी बेसबॉलशी केलेली तुलना मात्र नेमकी आहे. तिथे ताशी १४५ किलोमीटरचा चेंडू फलंदाजापर्यंत सुमारे ०.४ सेकंदात येतो, आणि बॅट फिरवायलाच त्यातला तिसरा हिस्सा जातो. म्हणून सुटतानाची बोटे, शिवणीची फिरत आणि पहिल्या काही फुटांतला मार्ग यांवरूनच चेंडू ओळखावा लागतो. ‘स्लायडर’ नावाचा वळणारा चेंडू येताना फिरत्या लाल शिवणीचा ठिपका दिसतो, असे खेळाडू सांगतात. फिरकीसमोर क्रिकेटच्या फलंदाजाला जवळपास दुप्पट वेळ मिळतो. पण चेंडू टप्पा घेतो आणि आधीचा अंदाज पुन्हा तपासावा लागतो, ही भानगड बेसबॉलमध्ये नाही. — संपादक