शोला आणि कुरण : निलगिरीच्या वनस्पतिविज्ञानातील एक वाद

दक्षिण भारतातील निलगिरीच्या पठारावर, विशेषतः सुमारे 1,800 मीटरांहून अधिक उंचीच्या प्रदेशात, वनस्पतींची एक विलक्षण रचना आढळते. डोंगरांच्या घळींत व ओढ्यांच्या काठी ठेंगण्या सदाहरित वृक्षांची दाट राई असते. माथे व उतार मात्र गवताने आच्छादिलेले असतात. ह्या राईस ‘शोला’ म्हणतात. तमिळमधील ‘सोलै’ ह्या उपवनवाचक शब्दाचे हे इंग्रज अमदानीतील रूप होय. राई व गवत ह्यांमधील सीमा काही पावलांच्या अंतरात संपते. ही सीमा निसर्गाने आखली की मनुष्याने, हा प्रश्न वनस्पतिविज्ञानापुढे दीर्घकाळ राहिला. त्याच्या उत्तरावर त्या भूमीचे भवितव्य अवलंबून होते, म्हणून ह्या वादाचा इतिहास लक्षात घेण्याजोगा आहे.

ह्या अभ्यासाचा प्रारंभ वर्णनात्मक होता. 1819 साली कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन पठारावर गेला. त्याच वर्षी लेशनो द ला तूर ह्या फ्रेंच वनस्पतिज्ञानेही तेथील वनस्पतींचा संग्रह केला. पुढे रॉबर्ट वाइट ह्याने 1846 ते 1851 ह्या काळात ‘स्पिसिलेजियम नीलघेरेन्स’ हा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. वाइटच्या ग्रंथांतील चित्रांमागे रंगिया व गोविंदू ह्या भारतीय चित्रकारांचे परिश्रम होते. बेडमची ‘फ्लोरा सिल्व्हॅटिका’ (1869–1874), फायसन ह्याचा निलगिरी व पळणी शिखरांवरील वनस्पतींविषयीचा ग्रंथ आणि गॅम्बलने आरंभिलेली व फिशरने पूर्ण केलेली मद्रास इलाख्याची वनस्पतिसूची (1915–1936) ह्यांनी नामकरणाचे कार्य बव्हंशी सिद्धीस नेले. शोलातील जांभूळवर्गीय, दालचिनीवर्गीय व चंपकवर्गीय वृक्ष, त्यांच्या छायेत वाढणारी स्ट्रोबिलँथिस कुलातील झुडपे आणि राईच्या कडेला किंवा गवतातही एकाकी उभा राहणारा तांबड्या फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन ह्यांची ओळख पटली. तथापि कोणती वनस्पती कोठे आहे हे सांगणे वेगळे आणि ती तेथेच का आहे हे सांगणे वेगळे.

दुसरा प्रश्न 1938 साली ऐरणीवर आला. वनाधिकारी सी. आर. रंगनाथन ह्यांनी असे प्रतिपादन केले की, शोला व कुरण ह्या दोन्ही त्या प्रदेशाच्या स्थिर, स्वाभाविक अवस्था होत. उघड्या उतारांवर हिवाळ्यात पडणाऱ्या हिमतुषारामुळे शोलावृक्षांची रोपे तग धरीत नाहीत. म्हणून तेथे गवतच टिकते. एन. एल. बोर ह्यांस हे मान्य नव्हते. एका हवामानात वनस्पतिसमूहाची एकच चरमावस्था असू शकते, हे तत्कालीन तत्त्व त्यांस प्रमाण वाटे. ती चरमावस्था वन हीच होय; वणवे व गुरचराई ह्यांनी वन मागे हटले व कुरण उरले, असा त्यांचा पक्ष होता. वणवे आणि तोडा जमातीच्या म्हशींची चराई ही प्रत्यक्षात होतीच. त्यामुळे हा तर्क निराधार म्हणता येत नाही. पुढे 1960च्या दशकात मेहेर-होमजी ह्यांनी हिमतुषाराच्या प्रश्नाचा अधिक बारकाईने विचार केला. परंतु हयात वनस्पतींकडे पाहून भूतकाळाचा निवाडा करणे कठीणच होते.

निवाड्याचे साधन पठारावरील दलदलींत साचलेल्या पीटच्या थरांत सापडले. 1971 साली विष्णु-मित्रे व गुप्ता ह्यांनी परागकणांच्या आधारे तेथील गवताळ वनस्पतींचे प्राचीनत्व पुढे मांडले. 1993 साली सुकुमार, रमेश, पंत व राजगोपालन ह्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात पीटमधील कार्बनच्या समस्थानिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उष्ण प्रदेशांतील बहुतेक गवते हवेतील कार्बन ज्या पद्धतीने ग्रहण करतात, तिच्यामुळे त्यांच्या अवशेषांत वृक्षांच्या अवशेषांपेक्षा कार्बन-13 चे प्रमाण अधिक राहते. ह्या खुणेवरून असे दिसले की, गेल्या सुमारे 20,000 वर्षांत हवामान शुष्क झाले तेव्हा गवत वाढले व आर्द्र झाले तेव्हा वृक्षादी वनस्पती वाढल्या. शेवटच्या हिमयुगाच्या शुष्क कालखंडातही तेथे गवताचे प्राबल्य होते. अर्थात मनुष्याच्या वणव्यांनी सीमा कोठे कोठे हलली असेल. पण कुरण ही केवळ मनुष्याची निर्मिती होय, हे मत आता टिकत नाही.

दरम्यान व्यवहाराने विज्ञानाची वाट पाहिली नाही. गवताळ भूमी म्हणजे वनातील रिकामी जागा, ह्या समजुतीने 19व्या शतकापासून तेथे ऑस्ट्रेलियातील निलगिरी वृक्ष व वॉटल ह्यांची लागवड झाली. 20व्या शतकात लाकूड व टॅनिन ह्यांसाठी ती फार वाढली. ज्या परकीय वृक्षास मराठीत ‘निलगिरी’ हेच नाव मिळाले, तो त्या पर्वताचा मूळ रहिवासी नव्हे, हा भाषेतील एक विपर्यासच होय. शेजारच्या पळणी डोंगरांत 1973 ते 2014 ह्या अवधीत लागवड व शेती ह्यांमुळे सुमारे दोन-तृतीयांश कुरण नाहीसे झाले, असे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले.

येथे प्राचीन तमिळ काव्यशास्त्राचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्या शास्त्राने पर्वतप्रदेशास ‘कुरिंजी’ हे नाव दिले. आज ज्या झुडपास नीलकुरिंजी म्हणतात, ते सह्याद्रीतील कारवीच्याच कुलातील असून 12 वर्षांनी एकदा फुलते. आणि ते शोलाच्या छायेत नव्हे, तर उघड्या गवताळ उतारांवर वाढते. कुरणास वनाचा अभाव न मानता स्वतंत्र नाव देणे, हा केवळ शब्दाचा प्रश्न नाही. महाराष्ट्रातील माळरानासही दफ्तरात अनेकदा ‘पडीक’ असेच म्हटले गेले. नाव चुकले की नोंद चुकते, आणि नोंद चुकली की भूमीचा उपयोगही चुकतो. निलगिरीच्या ह्या वादाचे तात्पर्य हेच होय.