बंदूक ठेवली, कॅमेरा उचलला

मराठीत ‘हौशी’ या शब्दाकडे आपण जरा हसूनच बघतो. हौशी नाटक म्हटलं की संवादाच्या आधी प्रॉम्प्टरचा आवाज ऐकू येणार, हे आपल्या मंडळाचा गणेशोत्सव पाहिलेल्या कोणालाही वेगळं सांगायला नको. पण एक क्षेत्र असं आहे, की ज्याचा पायाच हौशी लोकांनी घातला, आणि तोही स्वतःच्या खिशाला चाट लावून. ते क्षेत्र म्हणजे वन्यजीव छायाचित्रण.

सोमवार ते शुक्रवार क्लायंटच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि शनिवारी पहाटे ट्रायपॉड गाडीत टाकून निघायचं, हा माझा बऱ्याच वर्षांचा शिरस्ता. मास्टर्स करायला मिशिगनमध्ये आलो, पहिल्या पगारातून सेकंडहँड कॅमेरा घेतला आणि अडकलो तो कायमचा. या छंदाचं मूळ शोधू लागलो, तेव्हा कळलं की त्यातला एक मोठा धागा आपल्याच राज्यात, डेट्रॉइटपासून साडेचारशे मैलांवरच्या मार्केट या गावी सापडतो. दुसरा धागा मुंबईहून थेट हिमालयाच्या पायथ्याच्या साल वृक्षांच्या जंगलात जातो.

तळ्यावरचा उजेड

जॉर्ज शायरस (तिसरे) यांचा जन्म १८५९ सालचा, पेनसिल्व्हेनियातला. घराणं मोठं, वडील पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. जॉर्जसुद्धा वकील झाले. पण जीव रमायचा तो लेक सुपीरियरच्या काठच्या जंगलात. वयाच्या अकराव्या वर्षापासून ते दर उन्हाळ्यात मार्केटला येत आणि इतरांप्रमाणेच हरणांची शिकार करत.

तिथले मूळ रहिवासी, म्हणजे ओजिब्वे लोक, रात्री शिकार करायचे. होडीच्या पुढच्या टोकाला तव्यात जाळ करायचा आणि आवाज न करता तळ्याच्या काठाकाठाने सरकत जायचं. पाण्यावर आलेलं हरीण त्या उजेडाकडे टक लावून बघत राहतं, डोळे चमकतात आणि शिकाऱ्याला नेम सापडतो. आपल्याकडे बॅटरी लावून सशाची शिकार करत, त्यातलाच हा प्रकार. शायरसना ही विद्या चांगली अवगत होती. १८८९ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि मग त्यांच्या मनात आलं, की या होडीत बंदुकीच्या जागी कॅमेरा ठेवला तर?

ऐकायला सोपं वाटतं. पण त्या काळी फ्लॅश म्हणजे बटण नव्हतं. मॅग्नेशियमची भुकटी स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवर उडवायची, डोळे दिपवणारा भडका उडायचा आणि धुराचा लोट उठायचा. काचेची प्लेट एकदा वापरली की संपली. हरीण किती अंतरावर आहे, हे अंधारात अंदाजाने ठरवायचं आणि होडी जराही हलता कामा नये. शायरसनी नुसती तालीम केली नाही, साधनंही नवी घडवली. काठावर तार ताणून प्राण्याने स्वतःच स्वतःचा फोटो काढावा, अशी योजनाही त्यांनी करून पाहिली.

रात्रीच्या या चित्रांना १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. जुलै १९०६ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’चे संपादक गिल्बर्ट ग्रोव्हनर यांनी त्यांची ७४ छायाचित्रं एकाच अंकात छापली. आज आपण ते मासिक चित्रांसाठीच उघडतो, पण तेव्हा संस्थेच्या दोन संचालकांनी ‘मासिकाचं चित्रांचं पुस्तक करून टाकलं’ म्हणून राजीनामे दिले! वाचकांनी मात्र अंक डोक्यावर घेतला आणि मासिकाची दिशाच बदलली.

मला शायरस मोठे वाटतात ते पुढच्या गोष्टीसाठी. १९०३ ते १९०५ या काळात ते अमेरिकन काँग्रेसमध्ये होते. १९०४ मध्ये त्यांनी एक विधेयक मांडलं: स्थलांतर करणारे पक्षी कोणा एका राज्याचे नाहीत, म्हणून त्यांचं रक्षण केंद्र सरकारने करावं. तेव्हा ते मंजूर झालं नाही. पण तो विचार रुजला. १९१३ मध्ये त्या धर्तीवर कायदा झाला आणि १९१८ मध्ये ‘मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्ट’ आला. एकेकाळी आकाश झाकून टाकणाऱ्या पॅसेंजर पिजनची शेवटची मादी १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली होती. तिच्यासाठी उशीर झाला होता, पण इतरांसाठी नाही. आज केन्सिंग्टन मेट्रोपार्कमध्ये आपल्या मुलांच्या जवळून सँडहिल क्रेनची जोडपी पिल्लं घेऊन ऐटीत चालत जातात. हा करकोच्याच्या जातीचा पक्षी मिशिगनमध्ये अगदी थोडका उरला होता. तो पुन्हा वाढला, त्यात त्या कायद्याचा मोठा वाटा आहे.

आठ जणांची बैठक

आता जरा मुंबईकडे वळू. १५ सप्टेंबर १८८३ या दिवशी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ हौशी निसर्गप्रेमी जमले आणि ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ जन्माला आली. त्या आठांत दोन भारतीय होते आणि दोघेही मराठी डॉक्टर: प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. १८८६ पासून संस्थेचं जर्नल निघू लागलं. सुरुवातीच्या अंकांत शिकारीच्या हकिकती भरपूर असत. मारलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेला फोटो ही तेव्हा प्रतिष्ठेची खूण होती. म्हणजे कॅमेरा जंगलात होता, पण बंदुकीच्या मागून यायचा.

हा क्रम उलटा केला तो एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी. जन्म १८९३, इंग्लंडमध्ये. वडील कीटकशास्त्रज्ञ, भाऊ हॅरी हे पुढे भारतातल्या वनांच्या वर्गीकरणासाठी प्रसिद्ध झाले. स्वतः चँपियन आधी पोलिसात होते. पहिल्या महायुद्धानंतर ते संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडात, वन अधिकारी झाले. वनखात्यातल्या साहेबाने शिकार करायची नाही, हे त्या काळी विचित्रच. पण चँपियनना जिवंत वाघ बघायचा होता.

त्यांची पद्धत अशी: दिवसा जंगलात हिंडून वाघाचे ठसे वाचायचे, रोजची वाट हेरायची. त्या वाटेवर बारीक तार अंथरायची आणि बाजूला कॅमेरा व मॅग्नेशियमचा फ्लॅश मांडायचा. रात्री वाघाचा पाय तारेला लागला की भडका उडणार आणि प्लेटवर वाघ उमटणार. फोटोग्राफर तंबूत झोपलेला! सकाळी जाऊन बघावं तर कधी साळिंदर, कधी अस्वल, कधी नुसताच पाऊस. तरी माणूस रोज संध्याकाळी पुन्हा तार लावायचा. मला यातली चिकाटी फार ओळखीची वाटते. बग सापडेपर्यंत रोज रात्री तोच प्रोग्रॅम चालवणाऱ्या आपल्या मंडळींना ती नक्की कळेल.

१९२५ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने त्यांचे वाघाचे फोटो झळकवले. १९२७ मध्ये ‘विथ अ कॅमेरा इन टायगरलँड’ आणि १९३४ मध्ये ‘द जंगल इन सनलाइट अँड शॅडो’ ही पुस्तकं आली. बंदुकीचे परवाने कमी करा, जंगलात मोटारी आणून शिकार करणं थांबवा, असं ते आग्रहाने लिहीत. जिम कॉर्बेट कॅमेऱ्याकडे वळले त्यामागेही चँपियन यांच्या फोटोंची प्रेरणा होती. १९३६ मध्ये भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, तेच आजचं कॉर्बेट.

चँपियन यांच्या एका निरीक्षणाची किंमत कळायला मात्र बरीच वर्षं गेली. अनेक फोटो शेजारी ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. माणसाचा जसा अंगठ्याचा ठसा, तसे वाघाचे पट्टे.

नोकरी सांभाळून

पुढेही ही परंपरा नोकरी-धंदा सांभाळणाऱ्यांनीच चालवली. ई. पी. जी हे आसामातले चहामळेवाले. सोनेरी रंगाच्या वानरांबद्दल ऐकून त्यांनी १९५० च्या दशकात भूतानच्या सीमेलगत त्यांचा शोध घेतला आणि चित्रण केलं. १९५६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या वानराला ‘गीआय’ हे त्यांच्याच आडनावावरून नाव दिलं. मद्रासचे एम. कृष्णन काळ्या-पांढऱ्या फिल्मवर हत्तींचे फोटो काढत आणि १९५० पासून ‘द स्टेट्समन’मध्ये सदर लिहीत. ते सदर १९९६ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे ४६ वर्षं, चाललं.

तारेपासून जनगणनेपर्यंत

आता पुन्हा त्या पट्ट्यांकडे येऊ. अनेक वर्षं भारतात वाघांची मोजणी पंजाच्या ठशांवरून व्हायची. २००४-०५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरलेला नाही हे उघड झालं आणि त्या आकड्यांवरचा विश्वास उडाला. डॉ. उल्हास कारंत यांनी त्याआधीच, १९९० च्या दशकात, कर्नाटकातल्या नागरहोळेमध्ये चँपियन यांचीच कल्पना नव्या रूपात आणली होती: स्वयंचलित कॅमेरे आणि पट्ट्यांवरून ओळख.

यातलं गणित सुंदर आहे. समजा, पहिल्या फेरीत कॅमेऱ्यांत २० वेगवेगळे वाघ आले. दुसऱ्या फेरीतही २० आले, पण त्यातले १० आधीचेच निघाले. म्हणजे पहिल्या फेरीत आपल्याला निम्मेच सापडले होते. तेव्हा एकूण वाघ साधारण ४० असावेत. प्रत्यक्षातलं गणित अधिक किचकट असतं, पण गाभा हाच.

नव्या पद्धतीने २००६ मध्ये देशभराचा अंदाज आला १,४११. आकडा धक्कादायक होता, पण खरा होता, म्हणून कामाला लागता आलं. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि साडेतीन कोटींच्या आसपास फोटो मिळाले. त्यातल्या वाघांचे पट्टे जुळवायला सॉफ्टवेअर होतं. अंदाज आला २,९६७ आणि २०२२ मध्ये सरासरी ३,६८२. शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने हौसेने अंथरलेली तार आज देशाच्या वाघांचा हिशेब ठेवते आहे!

मग आपलं काय?

आज आपल्या हातात शायरस-चँपियनना स्वप्नातही दिसलं नसतं असं सामान आहे. सेकंदाला वीस फोटो, अंधारातही स्वच्छ चित्र. पण भीती वाटते ती अशी, की बंदूक गेली तरी शिकाऱ्याची हाव कॅमेऱ्यात शिरते आहे. ताडोब्यात वाघीण रस्त्यावर आली की दोन्ही बाजूंनी जिप्सी उभ्या राहतात आणि तिला रस्ता ओलांडायला जागा उरत नाही. इथे हिवाळ्यात उत्तरेकडून घुबडं येतात, तेव्हा दुकानातून विकत आणलेले उंदीर बर्फावर सोडून ‘झेप घेतानाचा’ फोटो मिळवणारे महाभाग आहेत. हा फोटो आणि वाघावर पाय ठेवलेला तो जुना फोटो, दोन्हींत प्राणी फक्त ट्रॉफी असतो. शायरसनी होडीतून बंदूक काढली ती यासाठी नव्हे.

चांगल्या फोटोची माझी व्याख्या एका वहीने ठरवली आहे. मी सोलापूरचा. शाळेत असताना आमच्या सरांनी आम्हा पाच-सहा मुलांना सायकलवरून नान्नजच्या माळावर नेलं होतं. १९७९ मध्ये झालेलं माळढोक अभयारण्य ते हेच. कॅमेरा कोणाकडेच नव्हता. सरांची एक दुर्बीण, ती आळीपाळीने. सर म्हणाले, ‘दिसला की ओरडायचं नाही. वहीत लिहायचं: तारीख, वेळ, किती दिसले, काय करत होते.’ त्या दिवशी आम्ही तीन माळढोक लिहिले. ती वही आईने अजून जपून ठेवली आहे. आज महाराष्ट्राच्या माळांवर माळढोक जवळजवळ दिसेनासाच झाला आहे. भरतपूरला सैबेरियन क्रौंच २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर आलेच नाहीत. ज्या हौशी लोकांनी तेव्हा तारीख घालून त्यांचे फोटो जपले, त्यांच्या अल्बमला आज पुराव्याचं मोल आहे.

तेव्हा मंडळी, पुढच्या ट्रिपला सेनीला लून बघायला जाल किंवा सुट्टीत भारतात मेळघाट-ताडोब्याला जाल, तेव्हा फोटो जरूर काढा. पण प्राण्याने तुमच्याकडे लक्ष न देता आपलं काम चालू ठेवलं, तरच फोटो जमला असं समजा. घरट्यापासून लांब राहा आणि घरट्याची जागा जगाला सांगत सुटू नका. फोटोबरोबर तारीख आणि ठिकाण लिहून ठेवा. २००२ पासून ‘ई-बर्ड’वर आपण पाहिलेल्या पक्ष्यांच्या नोंदी कोणालाही देता येतात आणि शास्त्रज्ञ त्या खरोखर वापरतात. मुलांना बरोबर घ्या. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे मात्र हौसेने केलेली एक छोटी नोंद पन्नास वर्षांनी एखाद्या पक्ष्याची बाजू मांडायला उभी राहू शकते.