तंजावरचे मराठी मत

तंजावरास बदलून आल्यावर पहिल्याच निवडणुकीच्या दिवसांत कचेरीतील एका तमिळ सहकाऱ्याने आम्हांस सहज विचारले, "तुमचे हे रायर लोक आणि मराठे येथे मते तरी कोणाला देतात?" प्रश्न साधा होता, पण आम्हांस उत्तर देता आले नाही. आमचे स्वतःचे मत कोणाला, हे सांगण्यास १९६४ च्या वर्तणूक नियमांची आडकाठी आहे. केंद्र सरकारच्या नोकराने मत अवश्य द्यावे, परंतु ते कोणाला देणार किंवा दिले याचा सुगावा लागू देऊ नये, असा तो नियम. तथापि सहकाऱ्याचा प्रश्न आमच्याविषयी नव्हताच. साडेतीनशे वर्षे या गावात राहिलेल्या, घरी मराठी व बाहेर तमिळ बोलणाऱ्या एका लहान समाजाविषयी तो होता. त्या समाजाने राजकीय पक्षांकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, आणि स्वतःच्या गरजांची क्रमवारी कशी लावली, याचा शोध घ्यावा असे तेव्हापासून मनात होते. तोच येथे थोडक्यात मांडीत आहो.

व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या शेवटच्या पावात तंजावर घेतले, तेव्हापासून सव्वाशे वर्षे येथे भोसल्यांची सत्ता होती. मत नावाची वस्तू तेव्हा नव्हती. प्रजेने राजाकडे जावे आणि राजाने ऐकावे, एवढाच व्यवहार. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांनी मुलुखाचा कारभार कंपनीच्या हवाली केला. किल्ला, राजवाडा, वर्षाला एक लाख पागोडे आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढे राजांकडे उरले. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८०३ साली, बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरला गेला. सत्ता हातची गेल्यावर समाज आपली कुळकथा दगडात का कोरून ठेवतो, याचे उत्तर त्या भिंतीपाशी उभे राहिले की आपोआप मिळते. ज्याला कारभारात जागा उरत नाही, तो स्मृतीत जागा शोधतो.

१८५५ त शिवाजीराजे निपुत्रिक वारले. कंपनीने गादी खालसा केली, इतकेच नव्हे तर राजवाड्यातील खासगी चीजवस्तूवरही हात टाकला. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आणि तेथे त्या जिंकल्या. परंतु १८५९ त विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरविला. सरकारने राजसत्तेच्या नात्याने केलेल्या कृत्याची चौकशी करण्याचा अधिकार न्यायालयास नाही, असे त्याचे तात्पर्य. कायद्याच्या विद्यार्थ्यास हा खटला आजही शिकावा लागतो. पुढे १८६२ त सरकारने खासगी मिळकत परत केली, ती मात्र हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून. आमच्या मते तंजावरच्या मराठी माणसाच्या राजकीय स्वभावाचे मूळ येथे आहे. चांगला वकील द्यावा, अर्ज नेटका लिहावा, सरकारशी वैर धरू नये आणि वाट पाहावी, ही शिकवण त्या प्रकरणाने दिली.

त्या शिकवणीची फळे पुढच्या पिढीत दिसली. कुंभकोणमला १८२८ त जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांचे आप्त दिवाणबहादूर रघुनाथराव हेही इंदुरास दिवाण होते, आणि विधवाविवाहाच्या चळवळीत मद्रास इलाख्यात त्यांचे नाव मोठे. १८८७ त काँग्रेसचे अधिवेशन मद्रासेस भरले, तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्षपद माधवरावांकडे होते. या थोर पुरुषांची योग्यता वादातीत आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ते बोलले ते हिंदुस्थानासाठी, इलाख्यासाठी, किंवा ज्या संस्थानाचे मीठ खाल्ले त्यासाठी. तंजावरच्या मराठी समाजाचे पुढारी म्हणून ते कधी उभे राहिले नाहीत, आणि समाजानेही त्यांच्याकडे तशी मागणी केली नाही. पदावरचा आपला माणूस हेच आपले प्रतिनिधित्व, अशी समजूत होती. मतपेटी येईपर्यंत ती समजूत चालून गेली.

मतपेटी आली ती फूट घेऊनच. १९१६ त ब्राह्मणेतरांची संघटना उभी राहिली, ती पुढे जस्टिस पक्ष म्हणून प्रसिद्ध झाली. १९२० च्या निवडणुकीत मद्रास कायदेमंडळाच्या २८ जागा ब्राह्मणेतरांसाठी राखीव होत्या. त्याच सुधारणांनुसार मुंबई इलाख्यात ७ जागा मराठा व तत्सम जातींसाठी होत्या. म्हणजे मुंबईत 'मराठा' हा मतदारांचा एक स्वतंत्र वर्ग ठरला. मद्रासेत मात्र तोच मराठा 'ब्राह्मणेतर' या मोठ्या राशीतला एक दाणा झाला. १९२७ च्या जातवार हुकुमाने सरकारी नोकरीतील दर बारा जागांची वाटणी ठरविली. ब्राह्मणेतर हिंदूंस पाच, ब्राह्मणांस दोन, मुसलमानांस दोन, ख्रिस्ती व अँग्लो-इंडियनांस दोन, दलित वर्गास एक. ज्या दोन घरांत एकच भाषा बोलली जाई आणि एकाच मोडीत हिशेब लिहिला जाई, त्यांतील एक घर दोन जागांच्या रकान्यात गेले आणि दुसरे पाच जागांच्या. एकाचे हित ज्या पक्षात, त्याच पक्षाची दुसऱ्यास धास्ती. मराठी समाजाचे असे एक मत असण्याची शक्यता त्या दिवशीच संपली असे आम्हांस वाटते. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. शतकानुशतके वंचित राहिलेल्यांना वाटा मिळणे न्याय्यच होते. परंतु भाषेने बांधलेला लहान समाज जातीच्या रकान्यांत विभागला जाताना भाषेची बाजू मांडण्यास कोणीच उरले नाही, हीही वस्तुस्थिती आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५१ त सर्वोच्च न्यायालयाने हा जातवार हुकूम रद्द ठरविला, आणि त्याच वर्षी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती होऊन मागासवर्गांसाठी सवलतींची वाट पुन्हा मोकळी झाली. १९५२ व १९५७ त तंजावरने लोकसभेवर आर. वेंकटरामन यांना निवडून पाठविले. तेच पुढे राष्ट्रपती झाले. १९६२ त याच गावाने विधानसभेवर द्रमुकचे करुणानिधी पाठविले. पाच वर्षांत राज्यातून काँग्रेस गेली, ती परत आली नाही. मधल्या १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनात येथील मराठी माणसाची स्थिती विचित्र झाली असली पाहिजे. त्याची भाषा हिंदी नव्हे, परंतु लिपी देवनागरी. मोडी मागे पडल्यामुळे जे काही मराठी छापील उरले, ते नेमके त्याच अक्षरांत, ज्यांना रस्त्यावर डांबर फासले जात होते.

यानंतरचे राजकारण पुष्कळसे याद्यांचे आहे. तमिळनाडूच्या मागासवर्गीयांच्या यादीत ब्राह्मणेतर मराठा, नामदेव मराठ्यांसह, समाविष्ट आहे. १९७९ त एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारने मागासवर्गाच्या सवलतीस वर्षाला नऊ हजार रुपये उत्पन्नाची मर्यादा घातली. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत त्यांच्या पक्षास ३९ पैकी अवघ्या दोन जागा मिळाल्या. लगेच मर्यादा मागे घेतली गेली आणि मागासवर्गाचा वाटा ३१ वरून ५० टक्क्यांवर गेला. मतदाराने पक्ष तोलला आणि पक्षाने धोरण बदलले, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागेल. त्या तोलात तंजावरच्या मराठ्याचे वजन रतीभर असेल, परंतु लाभ त्यालाही पुरा मिळाला. इकडे महाराष्ट्रात मराठा आरक्षणाचा कायदा २०२१ त सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि २०२४ त नवा करावा लागला. जी वस्तू तेथे लाखांच्या मोर्च्यांनीही सुखासुखी मिळाली नाही, ती येथे मूठभरांना मोठ्या समूहाच्या आश्रयाने मिळाली. उलट मराठी ब्राह्मणाची गोष्ट. आर्थिक दुर्बलांसाठीचे दहा टक्के आरक्षण २०१९ त केंद्राने आणले व २०२२ त न्यायालयाने उचलून धरले, परंतु त्या वेळच्या राज्य सरकारने ते आपल्या नोकऱ्यांत लागू करण्याचे नाकारले. शंभर वर्षांपूर्वीचे दोन रकाने असे अजून शाबूत आहेत.

येथे सहजच शिखांची आठवण होते. कॅनडाच्या २०२१ च्या शिरगणतीत शीख ७ लाख ७१ हजारांवर, म्हणजे लोकसंख्येच्या दोन टक्क्यांहून थोडे अधिक होते. तरी तेथे ब्रिटिश कोलंबियाचे पंतप्रधानपद, देशाचे संरक्षण मंत्रिपद आणि एका राष्ट्रीय पक्षाचे नेतेपद त्यांच्यातील व्यक्तींकडे जाऊन आले. इंग्लंडमध्ये १९७६ त पार्लमेंटाने पगडीधारी शिखांस मोटारसायकलवर शिरस्त्राणातून सूट दिली. तेथील शीख मतदार एकाच पक्षाला बांधलेला नाही. स्थलांतराचे नियम, पगडीचा मान, पंजाबातील घडामोडी आणि स्वतःच्या घराचे कर्ज, हे सारे तो एका तराजूत घालतो, आणि एकाच घरात बापाचे मत एका पक्षाला व मुलीचे दुसऱ्याला जाते. तरीही त्यांचा शब्द ऐकला जातो. कारणे दोन दिसतात. काही थोड्या मतदारसंघांत त्यांची दाट वस्ती आहे, आणि गुरुद्वारासारखी सर्वांनी एकत्र बसण्याची जागा आहे. तंजावरच्या मराठ्यांपाशी यांपैकी एकही गोष्ट नाही. मठ आहेत, पण ते संप्रदायांचे. देवळे आहेत, पण ती सर्वांची. ज्या नामदेवांची ६१ पदे शिखांच्या ग्रंथात पूज्य झाली, त्याच नामदेवांचे नाव येथे यादीतील एका जातीच्या आधी लागून राहिले आहे.

देवळांचा उल्लेख निघालाच आहे. राजवाडा देवस्थानाकडे ८८ मंदिरे आहेत व त्याचे वंशपरंपरागत विश्वस्तपद भोसले घराण्याकडे आहे. बृहदीश्वर त्यांपैकीच एक. १९७२ त राजराज चोळाचा पुतळा मंदिराच्या आवारात बसविण्याची राज्य सरकारची इच्छा होती. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने नकार दिल्याने तो बाहेर बसला. २०२० च्या कुंभाभिषेकाच्या वेळी मंत्र तमिळमध्ये की संस्कृतमध्ये असा वाद उच्च न्यायालयात गेला, आणि दोन्ही भाषांत विधी व्हावेत असे ठरले. दोन्ही प्रसंगी पक्ष भांडले ते तमिळ अभिमान आणि दिल्ली, तमिळ आणि संस्कृत यांवरून. ज्या भिंतींच्या आत हे चालले होते, तेथील मराठी शिलालेखाचे नाव कोणाच्या जाहीरनाम्यात आले नाही. येण्याचे कारणही नव्हते. तशी मागणी कोणी केली नव्हती.

मेल वीधीत राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांपुढे आम्ही हे सारे मांडले. ते हसून म्हणाले, "तुम्ही नवे आहात. आमची शेती कावेरीवर. मेट्टूरचे पाणी १२ जूनला सुटले की नाही, हे आम्ही आधी पाहतो. पीक गेले तर मोडी वाचून पोट भरेल काय?" त्यांचे म्हणणे खोडून काढणे शक्य नाही. कावेरी लवाद १९९० त नेमला गेला, त्याचा निवाडा २००७ त आला आणि सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द २०१८ त. २०२० त राज्याने या त्रिभुज प्रदेशास संरक्षित कृषिक्षेत्र ठरविले, ते शेतकऱ्यांच्या आंदोलनामुळेच. या लढ्यात मराठी जमीनमालक आणि तमिळ शेतकरी यांचे हित एकच होते. मत अशाच गोष्टींसाठी द्यावयाचे असते, आणि लहान समाजाने आपले वेगळेपण मतपेटीत न नेता शेजाऱ्याबरोबर मत दिले, तर तो त्याचा शहाणपणाच होय.

मग भाषेचे काय? आमचे म्हणणे एवढेच की, मत आणि मागणी या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. घटनेच्या ३५० अ कलमान्वये अल्पभाषिक मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे, अशी अपेक्षा आहे. १९४९ त शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने त्यासाठी शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले असावीत, असे मान ठरविले होते. तंजावरात ही मुले पाच पन्नास शाळांत विखुरलेली आहेत. ती एका वर्गात दहा कशी जमावीत? परंतु वर्ग निघाला नाही तरी रविवारची शिकवणी निघू शकते. सरस्वती महाल ग्रंथालयात हजारो मराठी हस्तलिखिते आहेत, मोडी दप्तरांचे ढीग आहेत. त्यांतील पुष्कळ कागद तमिळ विद्यापीठाने वाचून तमिळमध्ये छापले, आणि त्यासाठी त्या विद्यापीठाचे आभार मानावेत तेवढे थोडेच. मोडी वाचनिकांच्या जागा भरा, दप्तरे छापा, ही मागणी कोणत्याही पक्षाच्या उमेदवारापुढे ठेवता येते. तिच्यात तमिळविरोधी काही नाही, आणि ब्राह्मण व ब्राह्मणेतर दोघांनी मिळून सही करावी असा हा कदाचित एकच अर्ज असेल. कामाक्षीबाईंच्या काळी अर्ज हे दुर्बळाचे शस्त्र होते. आज अर्जदार मतदारही आहे, हा फरक थोडा नाही.

आमच्यासारख्या बदलीवर आलेल्या वाचकांनी यात काय करावे? आपण येथे पाहुणे. येथील पक्षोपपक्षांत शिरणे आपल्याला शोभत नाही आणि नियमांत बसतही नाही. परंतु शिरगणतीचा माणूस दारी आला म्हणजे शेजारच्या मराठी घराने मातृभाषेच्या रकान्यात काय सांगितले, याची विचारपूस करण्यास कोणताही नियम आड येत नाही. पुष्कळ घरे सवयीने 'तमिळ' सांगून मोकळी होतात. पुढे भाषिक अल्पसंख्यांचा विचार करणारे अधिकारी याच आकड्यांवरून माणसे मोजतात. जे घर रकान्यात नाही, त्याच्यासाठी पुस्तक छापले जात नाही.

त्या सहकाऱ्यास आम्ही पुढे एकदा उत्तर दिले. म्हटले, "तुम्ही ज्यांना देता, त्यांनाच तेही देतात, कोणी या पक्षाला, कोणी त्या. कावेरी तुमची तशी त्यांची." तो म्हणाला, "मग त्यांच्यात मराठी असे काय उरले?" आम्ही त्यास रविवारी ग्रंथालयात येण्याचे आमंत्रण दिले आहे.