झिजणाऱ्या ठोकळ्याचा इतिहास

इतिहासावरील भाषण म्हटलें कीं राजे, लढाया व तह यांची अपेक्षा असते. आज मी जिचा इतिहास सांगणार आहे ती वस्तु तळहातावर मावते, आणि झिजून संपली म्हणजे गॅरेजच्या कोपऱ्यांतील भंगारांत जाते. ही वस्तु म्हणजे मोटारीच्या ब्रेकमधील घासणारी पट्टी. तिला आतां सर्वत्र ब्रेक-पॅड म्हणतात. माल वाहणाऱ्या पिक-अप गाडीचे पॅड संपले कीं मालक दुकानांत जातो, तीन-चार डबे त्याच्यापुढें मांडले जातात, आणि बहुधा किंमत पाहून तो त्यांतला एक उचलतो. या साध्या निवडीमागें सव्वाशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्यांत कित्येक माणसांचे प्राणहि गेले आहेत.

प्रथम ब्रेकचें काम काय तें ध्यानांत घेऊं. ब्रेक गाडी थांबवितो असें आपण म्हणतों. परंतु निसर्गाच्या जमाखर्चांत कांहींच नाहींसें होत नाहीं. गाडीच्या गतींत सांठलेली शक्ति घर्षणानें उष्णतेच्या रूपांत पालटणें, एवढेंच ब्रेक करतो. गाडी व माल मिळून तीन टन वजनाची पिक-अप ५०० मीटर उंचीचा घाट उतरली, तर त्या उतरण्यांत मोकळी होणारी शक्ति सुमारें ५० लिटर पाण्यास आधण आणण्याइतकी असते. भोरघाट साधारण तेवढाच उंच आहे. इंजिन व वारा यांतला कांहीं वांटा उचलतात. बाकीची उष्णता चाकांपाशीं, आणि त्यांतहि मुख्यतः पुढच्या दोन चाकांपाशीं, हातभर नव्हे तर बोटभर लांबीच्या पट्ट्यांत जन्मास येते. म्हणून पट्टीनें घट्ट धरावें, तापल्यावरहि धरावें, आणि लवकर झिजूं नये, अशी मागणी असते. झिजूं नये म्हणतों खरें, पण ती झिजलीच पाहिजे. ती झिजली नाहीं तर समोरचें पोलाद झिजेल. मग जें झिजतें तें कोठें जातें? हा प्रश्न विचारावयास जगाला फार वर्षें लागलीं.

भोरघाटांतून चाकांच्या गाड्यांसाठीं बांधलेला रस्ता १८३० सालीं खुला झाला. उतारावर गाडी बैलांच्या मानेवर येऊं नये म्हणून चाकाच्या धावेवर लाकूड दाबणें, किंवा चाक साखळीनें जखडून नुसतें ओढीत नेणें, या युक्त्या नाना देशांच्या गाडीवानांना ठाऊक होत्या. लाकूड स्वस्त व कोठेंहि मिळणारें. झिजलें कीं दुसरें ठोकावें. परंतु पावसांत तें निसटतें आणि लांब उतारावर धुमसतें. आगगाड्या आल्या तेव्हां त्यांच्याहि चाकांवर प्रथम लाकडी ठोकळेच बसत. पुढें ओतीव लोखंड आलें.

शालेय पुस्तकांत दोन पृष्ठांमधील घर्षणांक म्हणून एकच आंकडा छापलेला असतो, आणि गति कितीहि असली तरी तो तोच, असें मुलें पाठ करतात. परीक्षेपुरतें तें ठीक आहे. इंग्लंडांत ब्रायटनच्या लोहमार्गावर कॅप्टन डग्लस गॅल्टन यांनीं जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या साह्यानें १८७८ सालीं धांवत्या गाडीवर मोजमाप केलें, तेव्हां निराळेंच दिसून आलें. वेग जितका अधिक, तितकी लोखंडी ठोकळ्याची पकड कमी. ब्रेक जितका अधिक वेळ दाबून धरावा, तितकी ती आणखी उतरते. आणि चाक अगदीं जखडून रुळावर घसरूं लागलें, तर गाडी लवकर थांबण्याऐवजीं उशिरां थांबते. सारांश, ज्या वेळीं ब्रेकची गरज सर्वांत अधिक, नेमका त्याच वेळीं तो दुबळा होतो. पुढें ज्यांनीं ज्यांनीं नवी पट्टी शोधली, त्यांना याच अडचणीशीं झगडावें लागलें.

मोटारीच्या जन्मानंतर लवकरच, १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत, बर्टा बेंझ ही बाई आपल्या दोन मुलांना घेऊन पतीनें बनविलेल्या गाडींतून जर्मनींतील मानहाइमहून फोर्त्सहाइम येथें गेली. अंतर सुमारें १०० किलोमीटर. डोंगराळ वाटेवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजूं लागले, तेव्हां तिनें एका चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. ठोकळा कायम ठेवून त्याच्यावर बदलतां येण्याजोगी पट्टी चढविण्याचें मोटारीच्या इतिहासांतील हें पहिलें उदाहरण मानतात. आजचा पॅड तरी दुसरें काय आहे? पोलादी पाठ आणि तिच्यावर चिकटविलेला झिजणारा थर.

इंग्लंडांतील डर्बीशायर प्रांतांत हर्बर्ट फ्रूड नांवाचा गृहस्थ राहत असे. तेथील गाडीवान उतारासाठीं लाकडी ठोकळ्यावर जुन्या बुटाचा तुकडा ठोकीत, हें त्यानें पाहिलें, असें सांगतात. १८९७ सालीं त्यानें राळ, डांबर अशा चिकट द्रव्यांत मुरविलेल्या कापडाच्या पट्ट्या करण्यास आरंभ केला. स्वतःच्या आडनांवाचीं अक्षरें उलटसुलट करून, त्यांत पत्नीच्या नांवाचें एक अक्षर घालून, त्यानें मालास ‘फेरोडो’ असें नांव दिलें. पट्टी चांगली धरी. परंतु कापूस तो कापूस. मोटारींचा वेग वाढूं लागला तसा तो करपूं लागला.

त्याच सुमारास, १९०२ सालीं, फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं चकतीच्या ब्रेकचें पेटंट घेतलें. चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती दोन्ही बाजूंनीं चिमटींत धरावयाची, ही कल्पना आजच्या डिस्क-ब्रेकचीच होय. चिमटींत तांब्याचे तुकडे बसविलेले असत. धातूवर धातु घासल्याचा आवाज कर्कश, आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर तांबें भराभर झिजे. कल्पना उत्तम होती, पट्टी मिळाली नाहीं. त्याच वर्षीं फ्रान्समध्यें लुई रेनॉ यांनीं पुढें आणलेला बंद ड्रमचा ब्रेक मात्र पन्नास वर्षें जगभर चालला. तांब्याची ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. ती पुन्हां येणार आहे.

कापूस करपतो, तर न करपणारा धागा हवा. असा धागा निसर्गांत दगडाच्या रूपानें तयार होता. ॲस्बेस्टॉस हा खनिज दगड. परंतु तो पिंजतां येतो, कांततां येतो, विणतां येतो, आणि अग्नि त्यास जाळीत नाहीं. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत त्याच्या मोठ्या खाणी होत्या, त्यामुळें तो स्वस्तहि पडे. १९०८ च्या सुमारास फ्रूडनें तो पट्टींत आणला, व पुढें राळेच्या बंधनांत ॲस्बेस्टॉसचे तंतु दाबून केलेली पट्टी हीच सर्व मोटारींची पट्टी झाली. ती तापली तरी धरी, आवाज करीत नसे, ड्रमला खात नसे आणि अल्प दरांत मिळे. इंजिनियरांनीं मागितलेले सारे गुण एका दगडांत सांपडले. त्यांना दोष देतांना हें विसरूं नये कीं, त्या पट्टीनें घाटाघाटांतून असंख्य प्राण वांचविले आहेत.

परंतु पट्टी झिजते. १९२४ सालीं इंग्लंडांतील रॉचडेल येथें नेली कर्शॉ ही ॲस्बेस्टॉस कांतणारी कामगार स्त्री वयाच्या ३३ व्या वर्षीं वारली. डॉक्टर विल्यम कुक यांनीं तिचीं फुप्फुसें तपासलीं, तों त्यांत त्या दगडाचे कण रुतलेले होते. त्याच वर्षीं त्यांनीं ही हकीकत वैद्यकीय नियतकालिकांत छापली, आणि १९२७ सालीं या रोगास ‘ॲस्बेस्टोसिस’ हें नांव रूढ केलें. १९३० सालीं सरकारी पाहणीचा अहवाल निघाला, १९३१ सालीं कारखान्यांसाठीं नियम झाले. म्हणजे इंग्लंडांत तरी हें ज्ञान त्या वेळेपासून छापील स्वरूपांत होतें. नियम मात्र कारखान्याच्या भिंतींशीं थांबले. पट्टी बनविणाऱ्यास थोडें संरक्षण मिळालें. ड्रम उघडून आंतली राखट भुकटी फुंकणाऱ्या मिस्त्रीचा विचार कोणी केला नाहीं. हवेच्या नळीनें ती भुकटी उडवून देण्याची रीत कित्येक गॅरेजांत चालत आली, आणि पोरसवदा हाताखालचा मुलगा त्याच ढगांत उभा असे. हें मीं आमच्या तालुक्याच्या गांवींहि पाहिलें आहे.

१९६० सालीं दक्षिण आफ्रिकेंतील डॉक्टर वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाचे ३३ रोगी नोंदविले. त्यांपैकीं बहुतेकांचा संबंध ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या प्रदेशाशीं होता. कांहींजण तर खाणींत कधीं उतरलेहि नव्हते, नुसते जवळ राहत. रोग प्रकट होण्यास वीस, तीस, चाळीस वर्षें लागतात. यामुळेंच या दगडाचा खटला इतका लांबला. इंग्लंडनें त्यावर पूर्ण बंदी १९९९ सालीं घातली, युरोपीय संघांत ती २००५ पासून सर्वत्र लागू झाली. अमेरिकेंत १९८९ सालीं केलेली बंदी न्यायालयानें १९९१ सालीं बव्हंशीं रद्द ठरविली, आणि ब्रेकच्या पट्ट्यांसह पुन्हां बंदी यावयास २०२४ साल उजाडलें. आपल्या देशांत १९८६ सालीं नव्या खाणींस परवाने देणें थांबविलें गेलें. बाहेरून येणारा माल मात्र थांबला नाहीं, जरी त्यांतला बहुतेक छपरांच्या पत्र्यांकडे जातो. कुकच्या लेखापासून अमेरिकेच्या बंदीपर्यंत बरोबर शंभर वर्षें होतात. शिक्षकाच्या पेशांत सनावळ्या पुष्कळ पाठ करविल्या, पण इतकी लाजिरवाणी वजाबाकी क्वचितच सांपडते.

मधल्या काळांत ब्रेकहि पालटले. १९५३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत जॅग्वारच्या गाड्या डिस्क-ब्रेकवर जिंकल्या, आणि दोनच वर्षांनीं सित्रोएनच्या डी. एस. गाडीनें ते सामान्य ग्राहकापर्यंत आणले. लँचेस्टरची कल्पना पन्नास वर्षांनीं फळास आली. डिस्क उघडी असल्यामुळें लवकर निवते. परंतु पॅडचें क्षेत्र लहान, दाब मोठा, म्हणून पॅड स्वतः फार तापतो. ॲस्बेस्टॉसला पर्याय हवाच होता. १९७० नंतर पोलादाचे तंतु व लोखंडाची भुकटी घातलेले पॅड पसरले. काच, अरामिड असे नवे तंतु आले. पुढें चिनी मातीच्या जातीचे पदार्थ मिसळून केलेले, सिरॅमिक नांवानें विकले जाणारे पॅड आले. आणि त्यांतल्या अनेकांत उष्णता वाहून नेण्यासाठीं पुन्हां तांबें आलें. या वेळीं तें रस्त्यावर झिजून पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत उतरलें. तांब्याच्या अल्प अंशानेंहि सॅमन माशांची वास घेण्याची शक्ति मंदावते असें आढळलें, आणि अमेरिकेंत वॉशिंग्टन व कॅलिफोर्निया या राज्यांनीं २०१० सालीं कायदे करून पॅडमधील तांबें टप्प्याटप्प्यानें जवळजवळ नाहींसें करण्याचें ठरविलें. युरोपीय संघानें २०२४ सालीं स्वीकारलेल्या ‘युरो-७’ नियमांत तर धुराड्याच्या धुराबरोबर ब्रेकच्या धुळीलाहि प्रथमच मर्यादा घातली आहे.

आतां दुकानांतल्या त्या डब्यांकडे वळूं. सेंद्रिय म्हणून मिळणारा पॅड गार असतांना चांगला धरतो, आवाज करीत नाहीं, डिस्कला जपतो. परंतु भरल्या गाडीच्या लांब उतारावर त्याची पकड उतरते व तो लवकर संपतो. धातुमिश्रित पॅड उष्णता सोसतो. थोडा किरकिरतो, डिस्क अधिक झिजवितो. सिरॅमिक पॅड शांत व कमी धुळीचा, पण महाग; हलक्या प्रवासी गाडीस तो शोभतो. रोज भाजी किंवा सिमेंट भरून घाट उतरणाऱ्या पिक-अपला बहुधा धातुमिश्रितच बरा, असें माझें मत आहे. मात्र गाडीच्या निर्मात्यानें सांगितलेला प्रकार प्रथम पहावा. अमेरिकन पद्धतीच्या पॅडवर दोन अक्षरें छापलेलीं असतात: पहिलें साधारण उष्णतेंतील पकडीचें, दुसरें तापल्यावरच्या. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ त्याहून वरचा. दुसरें अक्षर पहिल्याच्या खालचें असेल तर गॅल्टननें सांगितलेलें दुबळेपण त्या पॅडमध्यें आहे असें समजावें. परंतु ती परीक्षा प्रयोगशाळेंतील लहानशा तुकड्याची असते, गाडीची नव्हे. आणि वरचें अक्षर नेहमींच श्रेयस्कर असेंहि नाहीं. पुढचे पॅड फार धरूं लागले तर मागच्या ड्रमशीं त्यांचा मेळ बिघडतो, व ओल्या रस्त्यावर पुढचें चाक जखडतें.

एका आंसाचे दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदलावे. नवे बसविल्यावर पहिले कांहीं दिवस कडकडून ब्रेक न मारतां हलके हलके दाबून ते डिस्कवर बसूं द्यावे, आणि तोंवर भरली गाडी घेऊन घाट उतरूं नये. डब्यावर ‘ॲस्बेस्टॉसविरहित’ असें लिहिलें आहे कीं नाहीं तें पहावें; ज्याच्यावर निर्मात्याचें नांवच नाहीं असा सुटा माल कितीहि स्वस्त मिळाला तरी घेऊं नये. आणि जुना ड्रम किंवा जुने पॅड उघडले म्हणजे मिस्त्रीस हवेची नळी लावूं देऊं नये. ती भुकटी ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी, फडकें पिशवींत बांधून टाकावें, आणि तें काम चालूं असतां हाताखालच्या मुलास दूर उभें करावें.