मोरीच्या पाण्याची गोष्ट



आमच्या आजेसासूबाई जेवल्यावर ताट धुऊन ते पाणी पिऊन टाकत. खरकटं मोरीत गेलं की दोन घटकांत त्यात जीव उपजतात, असं सांगत. यंदा मागच्या दारी साचलेल्या सांडपाण्यात अळ्या दिसल्या आणि त्यांची आठवण झाली. औषध फवारायला हात धजेना. म्हणून यावर इतरांनी काय केलं, ते वाचायला घेतलं.

१९५० च्या दशकात जर्मनीत केटे झायडेल या बाईंनी लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतींवर प्रयोग केले. घाण पाणी मुळांमधून नेलं तर निवळतं, हे त्यांनी दाखवलं. पण बरीच वर्षं जाणकारांनी त्यांचं मनावर घेतलं नाही. पुढे राइनहोल्ड किकुथ यांच्या पद्धतीने १९७४ साली ओटफ्रेझन गावात मोठा वाफा सुरू झाला. तो मातीचा. अशा वाफ्यांत पाणी मुरेना, वरूनच वाहू लागे. मग मातीऐवजी खडी आली. पाणी खडीच्या आतून वाहतं, वर दिसत नाही, म्हणून डासांना अंडी घालायला जागा उरत नाही.

कोरड्या मुलखात याची जास्त परीक्षा होते. ऊन आणि झाडं मिळून बरंच पाणी उडवतात, उरलेल्यात क्षार वाढतात. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या टूसॉन शहराने १९९६ साली उघडी पाणथळ जागा तयार केली. तिथे डासांवर सतत लक्ष ठेवावं लागतं. त्याच राज्याने २००१ साली घरच्या आंघोळीचं, कपड्यांचं पाणी दिवसाला ४०० गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारे १५०० लिटर, बागेला द्यायची सरसकट मोकळीक दिली. अटी दोन लक्षात राहिल्या: पाणी कुठे साचू द्यायचं नाही आणि स्वयंपाकघराच्या सिंकचं पाणी त्यात घ्यायचं नाही, कारण त्यात तेल-खरकटं असतं. वाचून मला हसूच आलं. आजेसासूबाई वेगळं काय सांगत होत्या?

आम्ही आंघोळीच्या पाण्यासाठी गाळ अडवणारी छोटी टाकी आणि पुढे खडीचा वाफा करून त्यात कर्दळ लावली आहे. खडीत सूक्ष्म जीवच पाणी शुद्ध करतात, तेव्हा हिंसा टळली असं मी म्हणणार नाही. पण डबकं गेलं, फवारणी टळली. आणि ताट धुऊन पिण्याची सवय मी पुन्हा लावून घेतली आहे.