चर्चिलची सिगार आणि आमच्या पलटणीतला एक फोटो

आजचा भाग लढाईचा नाही, उजेडाचा आहे. पण सुरुवात पलटणीतूनच करतो, मला दुसरीकडून येत नाही.

आमच्या युनिटमध्ये एका खोलीत हुतात्मा जवानांचे फोटो ओळीने लावलेले होते. एकदा साताऱ्याकडचे एक वडील आले. मी त्यांना आत घेऊन गेलो. ते ओळीच्या शेवटापर्यंत चालत गेले आणि वळून मला म्हणाले, "साहेब, माझा पोरगा कुठं हाय?"

मुलासमोरूनच ते नुकतेच गेले होते. ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आम्हीच तो लावला होता. समोरून फ्लॅश, मागे पांढरा पडदा, मान ताठ. गालाचं हाड दिसत नव्हतं, डोळ्यांची खोली दिसत नव्हती.

फोटो चुकीचा नव्हता, त्याचं कामच वेगळं होतं. 1880 च्या दशकात पॅरिसच्या पोलीस खात्यातल्या आल्फाँस बर्तियाँने गुन्हेगारांच्या फोटोंना शिस्त लावली. एक समोरून, एक बाजूने, अंतर आणि उजेड ठरलेला. तुमच्या-माझ्या खिशातलं ओळखपत्र त्याच घराण्यातलं आहे.

दुसरं घराणं दाखवायला मी नेहमी युसुफ कार्शचं नाव घेतो. जन्म 1908, गाव मार्दिन, आज ते तुर्कस्तानात आहे. आर्मेनियन कुटुंब, त्या कत्तलीच्या काळातून वाचलेलं. पोरगा सोळाव्या वर्षाच्या आसपास कॅनडात फोटोग्राफर मामाकडे पोहोचला. पुढे बोस्टनला जॉन गारोकडे उमेदवारी केली. गारो खिडकीतून येणाऱ्या नैसर्गिक उजेडावर काम करायचा. मग कार्श ऑटावाला आला आणि तिथल्या हौशी नाटक मंडळींत रमला. दिवा कुठून टाकला की तोच नट राजा दिसतो आणि कुठून टाकला की भिकारी, हे त्याने रंगमंचावर पाहिलं. माझ्या मते त्याची खरी शाळा ती.

30 डिसेंबर 1941. चर्चिल कॅनडाच्या संसदेत भाषण करून सभापतींच्या दालनात आले. कार्शने आदल्या रात्रीच दिवे मांडून ठेवले होते, पण चर्चिलना कुणी कल्पना दिली नव्हती. ते वैतागले आणि त्यांनी सिगार पेटवली. कार्शने राखदाणी पुढे केली, त्यांनी दाद दिली नाही. तेव्हा माफी मागून त्याने सरळ सिगार त्यांच्या तोंडातून काढून घेतली आणि कॅमेऱ्याचं बटण दाबलं. कपाळावरची आठी, कमरेवरचा हात. ब्रिटन झुकणार नाही, असं जगाने त्या चेहऱ्यात वाचलं. खरं कारण सिगार! पण दिवे आधीच जागेवर नसते, तर तो राग कागदावर उतरला नसता. मागची भिंत काळोखात गेलेली, उजेड चेहऱ्यावर आणि हातांवर. पुढे 2016 साली हाच फोटो ब्रिटनच्या पाच पौंडांच्या नोटेवर आला.

तुमच्याकडे स्टुडिओ नसेल तर एक खिडकी पुरते. माणसाला तिच्याशी साधारण 45 अंशांत बसवा, उजेड डोळ्यांपेक्षा थोडा वरून येऊ द्या. लांबच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण पडला की जागा बरोबर आहे. त्याला रेम्ब्रांटचं नाव आहे. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. खालून घेतला तर माणूस दरारा दाखवतो, वरून घेतला तर दबतो. दोन्ही गोष्टी जवानाला नको असतात.

त्या मुलाचा दुसरा फोटो त्याच्या एका मित्राच्या पेटीत सापडला. तंबूच्या दाराशी बसलेला, अर्धा चेहरा सावलीत, हसू दाबलेलं. भिंतीवर तो लावला. वडील बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले. टोपी काढून हातात धरली होती.

पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक जवानाचा एक फोटो मी खिडकीशी बसवून काढला. साहेबांना छंद जडलाय, असं पोरं म्हणायची. कारण मी कुणाला सांगितलं नाही.